कॉम्प्रेसर लागत नाही : गॅस भरण्याआधी काय काय तपासावं?

औदुंबर

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ सालची, साधा नॉबवाला एसी. मुक्काम सांगली, म्हणजे एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय गाडीत बसवत नाही.

सकाळी बटण दाबलं की 'टक्' आवाज येतो, प्लेट पुलीला चिकटते, लगेच गार हवा सुरू. दुपारी उन्हात तासभर चालवून विश्रामबागच्या सिग्नलला थांबलं की हवा गरम यायला लागते. बॉनेट उघडून बघितलं तर पुली फिरतेय, पुढची प्लेट जागच्या जागी. बटणावरचा दिवा मात्र चालू. गाडी सावलीत गार होऊ दिली की पुन्हा सगळं ठीक.

गॅस कमी असेल म्हणून एका गॅरेजमध्ये गॅस भरून झाला, फरक शून्य. आता पूर्ण कॉम्प्रेसर बदला असं सांगतायत. माझा प्रश्न एवढाच की जो कॉम्प्रेसर सकाळी व्यवस्थित गार करतो तो दुपारपुरता खराब कसा होईल? तपासणीचा क्रम कसा लावावा? हाताशी मल्टिमीटर आहे, प्रेशर गेज नाही.

मिरजेची_सतार

फ्यूज बघितलात का?

फीलर_गेज

@मिरजेची_सतार, सकाळी चालतो म्हणजे फ्यूज शाबूत आहे. फ्यूज गार झाल्यावर परत जुळत नाही.

@औदुंबर, कॉम्प्रेसर बदलू नका. निदान अजून तरी. सगळ्यात आधी एकच गोष्ट मोजा, तीही ज्या वेळी कॉम्प्रेसर लागत नाही त्याच वेळी. सकाळी मोजून काही कळणार नाही.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी मॅग्नेट कॉइलची (प्लेटला पुलीकडे ओढणाऱ्या चुंबकाची) वायर येते, एक किंवा दोन वायरचा छोटा कनेक्टर असतो. इंजिन चालू, ब्लोअर चालू, एसी चालू, आणि प्लेट सुटलेली. अशा स्थितीत कनेक्टर न काढता मागच्या बाजूने मल्टिमीटरची पिन टेकवा, दुसरी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला. पट्ट्यापासून हात, बाही, मल्टिमीटरची वायर लांब ठेवा.

१३ व्होल्टच्या आसपास दिसले तर रिले (करंट सोडणारा स्विच), प्रेशर स्विच (गॅसच्या दाबावर चालणारा), थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर), ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) या सगळ्यांनी आपलं काम केलेलं आहे. करंट दारापर्यंत आलाय आणि क्लच (म्हणजे ही प्लेट-पुली-कॉइलची जोडणी) ओढत नाहीये. मग दोष कॉइलमध्ये, अर्थिंगमध्ये नाहीतर प्लेट आणि पुलीमधल्या गॅपमध्ये.

शून्य दिसले तर क्लचचा काही संबंध नाही. कोणीतरी मुद्दाम बंद करतंय किंवा वायरिंग तुटलंय. मागे जात जात शोधायचं.

या एका मापाने निम्मं काम होतं. बहुतेक ठिकाणी हे न करता थेट गॅसचं सिलिंडर लावतात आणि तिथेच गाडीमालकाचे पैसे जातात.

कोरेगावकर

फीलर भाऊंचं माप बरोबरच आहे, पण माझा संशय वेगळ्या ठिकाणी आहे. लक्षण परत वाचा : दुपारी, गाडी थांबल्यावर, आणि गॅस भरून घेतल्यावरही. ही हाय प्रेशर कटची, म्हणजे दाब फार चढल्यामुळे क्लच तोडला जाण्याची, लक्षणं आहेत.

चालत्या गाडीत समोरून वारा लागतो म्हणून कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची, गॅस गार करणारी जाळी) थंड राहतो. सिग्नलला सगळी भिस्त फॅनवर. फॅन लागत नसेल किंवा हळू फिरत असेल तर हाय साइडचं (कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या बाजूचं) प्रेशर झपाट्याने चढतं. सांगलीच्या ३८-४० डिग्रीत चांगल्या सिस्टिममध्येही हाय साइड २२०-२५० पीएसआय (दाबाचं एकक) असते. प्रेशर स्विच साधारण ३२ किलोला, म्हणजे ४५० पीएसआयच्या आसपास, क्लच तोडतो. त्यात गॅस वजन न करता भरला असेल, म्हणजे लो साइडचा काटा बघून अंदाजे, तर जास्त झालेला असण्याची शक्यता दाट. छोट्या गाडीत एकूण गॅसच ३५० ते ५०० ग्रॅम असतो. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. एवढ्याशा सिस्टिममध्ये १०० ग्रॅम जास्त म्हणजे फार जास्त.

एसी चालू केल्यावर रेडिएटरचा फॅन फिरतो का ते आधी बघा. आणि कंडेन्सरमध्ये टॉर्च मारा. आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून गाड्या चालतात, पाचटाचा भुसा आणि धूळ कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन थापी बसते. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागच्या अंगाने बुजलेला असतो.

फीलर_गेज

@कोरेगावकर, शक्यता मान्य. पण दोन्हींत फरक करता येतो. हाय प्रेशरने कट झाला तर कॉम्प्रेसर थांबताच प्रेशर उतरायला लागतं आणि अर्ध्या-एक मिनिटात क्लच परत लागतो, मग पुन्हा सुटतो. लागतो-सुटतो, लागतो-सुटतो असं चालतं. औदुंबर म्हणतात एकदा सुटला की गाडी गार होईपर्यंत लागतच नाही. हे धातू गार होण्याचं गणित आहे, प्रेशर उतरण्याचं नव्हे.

कोरेगावकर

हा मुद्दा पटला. तरी फॅन आणि फट बघून घ्याच, त्याला पैसे लागत नाहीत. धुताना इंजिनच्या बाजूकडून बाहेर, साध्या नळीने. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने जवळून मारलं की फिन्स आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

माणदेशी

एवढं कशाला? ड्रायरजवळच्या (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डबीजवळच्या) प्रेशर स्विचचा कनेक्टर काढा, दोन्ही वायर एका तारेने जोडा. क्लच लागला तर स्विच गेला किंवा गॅस नाही. आमच्याकडे म्हसवड, दहिवडीला सगळे असंच बघतात.

कुपवाड_एमआयडीसी

माणदेशी दादा, ही सवय धोक्याची आहे आणि वाचणारे करून बघतात, म्हणून सविस्तर लिहिते.

एक, कनेक्टरला दोन वायर असतील तरच तो साधा स्विच. तीन वायर असतील तर तो सेन्सर आहे. त्यातली एक ५ व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नल. त्यात तार घातली की ५ व्होल्टची लाइन अर्थला शॉर्ट होऊ शकते. तीच लाइन ईसीएममधून इतर सेन्सरांनाही जात असेल तर गाडी बंद पडेल. चार वायर असतील तर दोन क्लचच्या आणि दोन फॅनच्या, कुठल्या दोन जोडायच्या हे आकृतीशिवाय कळत नाही.

दोन, लो प्रेशर कट साधारण २ किलोला, म्हणजे २८-३० पीएसआयला असतो. तो कट मुद्दाम ठेवलेला आहे. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं, वेगळा ऑइल पंप बहुतेकांत नसतो. गॅस नसताना तार जोडून पाच-दहा मिनिटं चालवलं की पिस्टन कोरडे घासतात. स्वस्तातल्या स्विचची परीक्षा घेताना कॉम्प्रेसर जातो.

स्विच तपासायचाच असेल तर गाडी बंद ठेवून त्याच्या दोन पिनांमध्ये कंटिन्युइटी बघा. सिस्टिममध्ये प्रेशर असेल तर स्विच जोडलेला दिसायला हवा. प्रेशर आहे आणि तरी उघडा दिसतो, तर स्विच गेला. प्रेशर आहे की नाही हे गेजशिवाय ठरवू नका. व्हॉल्व्हची पिन नखाने दाबून 'फुस्स' आवाज ऐकणं म्हणजे माप नव्हे, शिवाय बोट गारठून भाजतं.

माणदेशी

ताई, दोन वायरचाच धरून बोललो. पण तीन वायरचा मुद्दा बरोबर, तो लिहायला हवा होता. नवीन गाड्यांत सेन्सरच येतात.

अजिंक्यतारा_पायथा

गेज लावला तर बंद गाडीत किती दिसायला हवं?

फीलर_गेज

एसीतला गॅस आर-१३४ए असेल तर हवेच्या तापमानावर अवलंबून. गाडी सकाळपासून सावलीत उभी, इंजिन पूर्ण गार, मग दोन्ही काटे सारखे दिसतात :

२० डिग्रीला ६८ पीएसआय
२५ ला ८२
३० ला ९७
३५ ला ११४
४० ला १३३

मात्र हा आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नाही. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी काटा इथेच उभा राहतो, मग आत १५० ग्रॅम असो की ४५०. आकडा कमी आला तर मात्र नक्की समजा की आत द्रव उरलेलाच नाही, म्हणजे लीकेज मोठं आहे. आणि आकडा बराच जास्त आला तर आत हवा शिरलीय. वजन कळायला रिकव्हरी मशीनने गॅस काढून तोलणं हाच मार्ग.

यावरून औदुंबर यांच्या गाडीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात येते. गॅस फार कमी असल्यामुळे क्लच लागत नसता, तर तो सकाळी लागला नसता. बंद सिस्टिमचं प्रेशर सकाळी सगळ्यात कमी असतं आणि दुपारी वाढतं. यांचं उलट आहे. म्हणजे गॅस भरायचं कारणच नव्हतं.

मिरजेची_सतार

हे भारी आहे. एवढं साधं गणित गॅस भरणाऱ्याने का करू नये? धागा वाचनखूण साठवला.

हळद_पेठ

व्होल्ट शून्य आले तर काय काय बंद करू शकतं याची यादी कोणीतरी द्या. माझ्या माहितीत ब्लोअर बंद असेल तर एसीचा सिग्नलच पुढे जात नाही. ब्लोअरचा एक नंबर चालत नसेल आणि नॉब एकवर असेल तर लोक कॉम्प्रेसर शोधत बसतात.

कुपवाड_एमआयडीसी

बरोबर, ब्लोअर पहिला. त्यापुढे :

कूलिंग कॉइलचा (आतली हवा गार करणारी जाळी, क्लचची कॉइल नव्हे) थर्मिस्टर. डॅशबोर्डच्या आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, कॉइलच्या फिन्समध्ये खोवलेला असतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तापमान उतरत शून्याच्या जरा वर आलं की तो क्लच तोडायला लावतो. गार होईल तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो. त्याची वायर तुटली की रेझिस्टन्स अनंत, आणि ईसीएमला वाटतं कॉइल गोठलीय. मग मे महिन्यातही कॉम्प्रेसर लागत नाही. काढून मल्टिमीटरला लावा आणि मुठीत धरा, ओहम उतरायला लागले पाहिजेत. बर्फाच्या पाण्यात चढले पाहिजेत. अडखळत, उड्या मारत बदलले तर टाकून द्या. बाहेरचा पाइप हाताला गार आणि व्हेंटमधून वारा कमी-कमी होत बंद, मग थोड्या वेळाने पाणी गळतं, असं असेल तर थर्मिस्टर उलट्या बाजूने बिघडलाय किंवा जागेवरून सुटलाय.

इंजिनचं तापमान. कूलंट सेन्सर गरम दाखवत असेल तर ईसीएम स्वतःहून एसी काढतं. काटा मधोमध असला तरी स्कॅनर लावून खरा आकडा बघा, कारण बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध थोपवलेला असतो.

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबणं. खंबाटकी चढताना, ओव्हरटेकला पाय दाबला की काही सेकंद क्लच सुटतो. तो दोष नाही, तशीच रचना आहे. मात्र थ्रॉटलचा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तर सपाट रस्त्यावरही सुटतो.

आयडलिंग फार खाली जाणं आणि बॅटरीचं व्होल्टेज पडणं, हीही कारणं.

आणि काही जुन्या टोयोटा गाड्यांत कॉम्प्रेसरवर लॉक सेन्सर असतो. पट्टा घसरून कॉम्प्रेसरचे फेरे इंजिनच्या मानाने कमी पडले की क्लच तोडतात आणि एसीचा दिवा लुकलुकतो.

साधा स्कॅनर यातलं बरंच दाखवतो. लाइव्ह डेटात 'एसी रिक्वेस्ट' आणि 'एसी रिले' अशा दोन ओळी असतात. रिक्वेस्ट चालू, रिले बंद असेल तर ईसीएम नाही म्हणतंय. दोन्ही चालू आणि क्लचला व्होल्ट नाहीत, तर फ्यूजबॉक्सपासून पुढे बघा. रिक्वेस्टच बंद असेल तर दोष डॅशबोर्डच्या आत.

वाईकर_पसरणी

रिले तपासायची सोपी युक्ती : हॉर्नचा रिले बहुतेक वेळा त्याच नंबरचा असतो. अदलाबदल करून बघा.

कुपवाड_एमआयडीसी

चालेल, पण रिलेवरचा नंबर आणि पायांची मांडणी दोन्ही जुळत असेल तरच. आणि रिले 'टक्' वाजला म्हणजे चांगला, असं धरू नका. आतले पॉइंट जळालेले असले तरी आवाज येतो.

इथेच मल्टिमीटर फसवतो. कनेक्टर काढून मोकळ्या पिनवर मोजलं तर जळक्या पॉइंटमधूनही १२ व्होल्ट दिसतात, कारण मल्टिमीटर करंट ओढतच नाही. क्लचची कॉइल साडेतीन अँपिअर मागते, तेव्हा तेच व्होल्ट सात-आठवर कोसळतात. म्हणून मोजायचं ते कनेक्टर जोडलेला ठेवून. किंवा मोकळ्या पिनवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर सप्लाय खरा. मिणमिणला तर रिले, फ्यूजचा पाय किंवा वायर.

आणखी नेमकं हवं असेल तर क्लच चालू असताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी क्लचच्या वायरला. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. कॉम्प्रेसरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ च्या आत. एका वायरची कॉइल असेल तर अर्थ कॉम्प्रेसरच्या बॉडीतून आणि ब्रॅकेटमधून जातो, तिथला गंज विसरू नका.

हळद_पेठ

अवांतर : गंजावरून, सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून विकायला येतात. त्यांत क्लचबद्दल काय बघावं?

फीलर_गेज

अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. एसी बंद ठेवून इंजिन चालू करा आणि पुलीच्या बेअरिंगचा आवाज ऐका. पुराच्या गाळाने ग्रीस गेलेलं बेअरिंग घुरघुरतं आणि ते एसी बंद असतानाही फिरतच असतं. मग इंजिन बंद करून पुली नव्हे तर पुढची प्लेट हाताने फिरवा. थोडा एकसारखा विरोध देत फिरली पाहिजे. अजिबात फिरत नसेल तर कॉम्प्रेसर जाम, त्याला सप्लाय देऊ नका, पट्टा तुटेल. अगदीच मोकळी फिरत असेल तर आतलं काही तुटलंय. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट चूर्ण आहे का बघा. आणि फ्यूजबॉक्सचं झाकण काढून खालच्या कोपऱ्यांत गाळाची रेघ आहे का तेही.

वाईकर_पसरणी

उंदरांचं पण लिहा कोणीतरी. शेताजवळ गाडी लावणाऱ्यांच्या क्लचच्या वायरी कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर कुरतडलेल्या असतात.

कुपवाड_एमआयडीसी

खरंय. आणि तिथे नुसता पीळ मारून टेप लावू नका. खाली चिखल-पाणी उडतं. सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी लावा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर आधी वायर घासलीय का बघा, मग कॉइल, मग कॉइलला समांतर लावलेला छोटा डायोड. क्लच सुटताना कॉइल उलटा झटका देते, तो गिळायला डायोड असतो. तो शॉर्ट झाला की दरवेळी एसी लावला की फ्यूज जातो आणि कॉइल मात्र ओहममध्ये चांगली दिसते.

औदुंबर

सगळ्यांचे आभार. मोजमाप घेतलं. कुपवाड ताईंनी सांगितल्याप्रमाणे कनेक्टर जोडलेला ठेवून, गाडी गरम, प्लेट सुटलेली : १३.४ व्होल्ट. बॉडी ते निगेटिव्ह ०.०५. फॅन दोन्ही वेगांत फिरतोय. कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये पाचटाचा थर होता, तो काढला, पण दोष तसाच. कॉइल गार असताना ३.६ ओहम. मग प्लेट आणि पुलीमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घातला तर ०.८५ मिमीची पाती सहज जाते.

फीलर_गेज

मग कारण सापडलं. बहुतेक क्लचमध्ये गॅप ०.३५ ते ०.६५ मिमी ठेवतात, नेमका आकडा त्या कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलमध्ये असतो. तुमचा ०.८५ आहे. प्लेट दरवेळी लागताना किंचित घासते, वर्षानुवर्षं घासून गॅप वाढतो.

गरम झाल्यावरच का, याचं गणित करून बघा. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ डिग्रीला ३.६ ओहम असलेली कॉइल १०५ डिग्रीला ४.७ च्या पुढे जाते. १३ व्होल्टला आधी ३.६ अँपिअर वाहत होते, आता पावणेतीन. मॅग्नेटची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ती सुमारे ५८ टक्क्यांवर येते. वरून ओढ गॅपच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, गॅप दुप्पट झाला की ढोबळमानाने ओढ पाव. गार कॉइल एवढ्या लांबून कशीबशी प्लेट खेचून घेते, गरम कॉइलला ते जमत नाही. एकदा चिकटली की गॅप शून्य होतो म्हणून चालत्या गाडीत टिकते. सिग्नलला थर्मिस्टरने किंवा ईसीएमने नेहमीसारखी क्षणभर सोडली की परत ओढता येत नाही.

खात्री करायची असेल तर गाडी गरम असताना इंजिन बंद, चावी काढलेली. कॉइलचा कनेक्टर काढून १० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरने बॅटरीतून थेट सप्लाय द्या. प्लेट ओढली नाही तर लाकडी काठीने मध्यभागी हलकं दाबा. 'टक्' करून चिकटली आणि काठी काढल्यावर चिकटूनच राहिली, तर गॅपच. चालू इंजिनवर काठीने टोचणारे लोक दिसतात, ते करू नका, काठी फेकली जाते.

औदुंबर

चिकटून राहिली. आता गॅप कमी करायला शिम (आतल्या पातळ चकत्या) काढायची पद्धत सांगा.

फीलर_गेज

यासाठी गॅस काढावा लागत नाही, हे आधी सांगतो. कोणी म्हणालं 'गॅस सोडावा लागेल' तर दुसरीकडे जा. हब (प्लेटचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) बाहेरच्या बाजूला आहे, गॅस शाफ्ट सीलच्या आत.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पट्ट्याच्या बाजूचं पुढचं चाक आणि आतलं मडकव्हर काढलं की कॉम्प्रेसरचं तोंड दिसतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

मधला बोल्ट बहुधा १० च्या पान्याचा असतो, काहींत नट. प्लेट फिरू नये म्हणून स्ट्रॅप रेंचने धरा. बोल्ट काढल्यावर हब हाताने सरकत असेल तर उत्तम. अडकला असेल तर हबच्या मध्यभागी पुलरसाठी मोठे आटे असतात, त्यात योग्य बोल्ट पिळला की तो शाफ्टवर टेकून हब बाहेर ढकलतो. दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, प्लेट वाकली की गॅप एका बाजूला ०.३ आणि दुसऱ्या बाजूला ०.८ होतो, मग काहीच जुळत नाही.

हबच्या आत किंवा शाफ्टच्या टोकावर पातळ चकत्या असतात, त्या शिम. ग्रीसला चिकटलेल्या असतात, नकळत खाली पडतात. खाली कापड पसरा. साधारण ०.१, ०.३ आणि ०.५ मिमीच्या येतात. डोळ्यांनी कळत नाही, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर लावा. तुमच्या ०.८५ मधून ०.३ काढली तर ०.५५, ०.५ काढली तर ०.३५. मी ०.४ च्या आसपास ठेवेन, म्हणजे ०.५ काढून ०.१ असेल तर तीच आत ठेवा किंवा बदल्यात घाला.

बोल्ट घट्ट करून तीन ठिकाणी, १२० डिग्रीवर गॅप मोजा. तिन्हींत ०.१ पेक्षा जास्त फरक नको. बोल्टचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, बारीक बोल्ट आहे, ताकद लावू नका. मग इंजिन आयडलिंगला ठेवून एसीचं बटण दहा-वीस वेळा चालू-बंद करा म्हणजे घासणारे पृष्ठभाग बसतात, आणि परत मोजा.

कोरेगावकर

०.३ च्या खाली नेऊ नका, हे मी जोडतो. लोकांना वाटतं कमी तेवढं चांगलं. गरम झाल्यावर प्लेट आणि पुली फुगतात, एसी बंद असतानाही घासत राहतात, आणि त्या उष्णतेने पुलीचं बेअरिंग जातं.

आणि गॅसचं राहिलं. आधीच्या ठिकाणी अंदाजाने भरलेला आहे, तो काढून व्हॅक्युम करून स्टिकरच्या वजनाने भरून घ्या. क्लचचा दोष वेगळा होता म्हणून जादा गॅस बरोबर ठरत नाही.

अजिंक्यतारा_पायथा

व्हॅक्युमवरून आठवलं. साताऱ्यात गेजचा काटा २९ इंचाला कधीच जात नाही, साडेसत्तावीसला थांबतो. पंप खराब समजायचा का? २९ झाल्याशिवाय ओल निघत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

फीलर_गेज

पंप चांगला आहे. तो गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब २९.९ इंच, साताऱ्याला ७०० मीटरच्या आसपास उंचीवर तो सुमारे साडेसत्तावीसच असतो. त्यापलीकडे काटा जाणार कुठे? सांगलीत २८ पर्यंत जाईल, महाबळेश्वरला साडेपंचवीसच्या आत थांबेल. आत पोकळी तिन्ही ठिकाणी तेवढीच. खरं माप हवं तर मायक्रॉन गेज, ५०० मायक्रॉनच्या खाली. ते नसेल तर अर्धा-पाऊण तास पंप चालवून व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा हलतो का बघा. हलला तर लीकेज किंवा ओल.

लीकेज शोधायला कॉम्प्रेशरची साधी हवा भरू नका, त्यात पाणी असतं. कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावून, १५० पीएसआय, आणि साबणाचं पाणी. ऑक्सिजनचं सिलिंडर चुकूनही नको, आत ऑइल आहे, स्फोट होतो.

अजिंक्यतारा_पायथा

हे कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद.

माणदेशी

+१. आटपाडी ते महाबळेश्वर सगळ्या फिटरांना पाठवतो.

औदुंबर

शिम काढली. आत एक ०.५ आणि एक ०.१ होती. मोठी काढली. गॅप तीन ठिकाणी ०.३५, ०.३५, ०.४. दुपारी भर उन्हात आयडलिंगला प्लेट दरवेळी लागतेय. गॅस काढून तोलला, स्टिकरवर आहे त्यापेक्षा ९० ग्रॅम जास्त निघाला. वजनाने भरून घेतला, आता कॉम्प्रेसर चालू असताना इंजिनवर ताणही कमी जाणवतो.

कोरेगावकर

छान! जादा गॅसचा अंदाज बरोबर निघाला याचा जास्त आनंद.

कृष्णामाई_घाट

उशिरा आलो. माझ्या गाडीत पुढची प्लेट कायम फिरते, एसी बंद असला तरी. कॉइलची वायर आहे पण 'टक्' आवाज कधीच येत नाही. गार हवा नाही. गॅप मोजायला पातीच जात नाही.

कुपवाड_एमआयडीसी

तुमच्या कॉम्प्रेसरला क्लचच नाही. व्हेरिएबल कॉम्प्रेसर आहे, कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह पिस्टनची चाल कमी-जास्त करतो. ती वायर त्या व्हॉल्व्हची. तिथे १२ व्होल्ट सरळ देऊ नका, ईसीएम तुकड्या-तुकड्याने पल्स देतं. स्कॅनरमध्ये व्हॉल्व्हचा टक्केवारीचा आकडा आणि गॅसचं प्रेशर बघा. टक्केवारी चढतेय आणि लो-हाय प्रेशर जवळजवळ सारखंच राहतंय, तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेसर. टक्केवारी शून्यावरच असेल तर वर हळद_पेठ यांना दिलेली यादी तुम्हालाही लागू आहे. आणि पुढचा हब बघा, त्यात मुद्दाम कमकुवत ठेवलेला तुकडा असतो. कॉम्प्रेसर जाम झाला की तो तुटतो आणि पुली एकटीच फिरते. तुमच्याकडे पुली आणि मधला बोल्ट दोन्ही फिरतायत का, की फक्त बाहेरची कड?

कृष्णामाई_घाट

फक्त बाहेरची कड. मधला बोल्ट स्थिर आहे.

कुपवाड_एमआयडीसी

मग तो तुकडा तुटलाय. नवीन हब लावण्याआधी मधला शाफ्ट पान्याने हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर कॉम्प्रेसर जाम आहे. पाइप उघडल्यावर काळी, धातूची चमक असलेली पेस्ट निघाली तर कंडेन्सर आणि ड्रायरही बदलावे लागतील. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंगने तो चुरा निघत नाही, आणि तो नवीन कॉम्प्रेसरमध्ये परत जातो. शाफ्ट नीट फिरला तर नुसता हब बदलून चालेल, पण तो का तुटला हे आधी शोधा. पट्ट्याचा टेन्शनर बघा, आणि गॅस तोलून घ्या.